सोबत्यांचे उत्तरदायित्व

किशोरवयातील मुलामुलींवर होणाऱ्या, आणि पुष्कळदा किशोरवयातील मुलांच्याच हातून घडणाऱ्या, लैंगिक अत्याचारास पायबंद घालण्याचे कार्य त्याच वयाच्या तरुणांनी हाती घ्यावे, त्याची आखणी त्यांनीच करावी, आणि वडीलधाऱ्यांनी पुढे न सरसावता त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हा विचार आपल्या समाजात अद्याप इतका अपरिचित आहे की तो कानी पडताच बहुतेक पालक एकच हरकत घेतात: ज्यांचे स्वतःचेच वय सांभाळून घेण्याचे, त्यांच्यावर दुसऱ्यास सांभाळण्याचा भार कशासाठी? ही हरकत प्रेमापोटी घेतलेली असते आणि तिच्यात तथ्यही आहे. म्हणून तिला बगल देऊन या विषयाची ओळख करून देणे मला उचित वाटत नाही. परंतु तिचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. पंधरा वर्षांच्या मुलीवर वा मुलावर असा प्रसंग ओढवतो, तेव्हा पुष्कळदा प्रथम ज्याच्याजवळ मन मोकळे होते तो सोबती असतो. आईवडील नसतात, वर्गशिक्षक नसतात, पोलीस तर नसतातच. शाळेच्या जिन्यात, शिकवणीहून परतताना, किंवा घर झोपल्यावर पांघरुणाखाली धरलेल्या मोबाईलवर ती गोष्ट कोणा सखीला, कोणा मित्राला सांगितली जाते, आणि तो मित्र त्या क्षणी जे बोलतो किंवा जे बोलत नाही त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. आपण भार टाकला वा न टाकला, तरी तो त्याच्या खांद्यावर आधीच पडलेला आहे. तो पेलण्याची काही तयारी आपण त्याच्याकडून करून घेणार आहोत की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि या पुस्तिकेचा जन्म त्याच प्रश्नातून झाला आहे.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून ती तयार झाली होती आणि त्या राज्यांत महाराष्ट्र व दिल्ली या दोहोंचा समावेश होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. सोसणाऱ्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक ओळखीचे, किंबहुना विश्वासाच्या स्थानी असलेले होते. आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणाच्याही कानावर घातलेली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडचे अहवाल उघडले तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊंहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचाच आढळतो. असे असूनही आपण मुलांना पिढ्यानुपिढ्या जी एकमेव ताकीद देत आलो ती अनोळखी माणसापासून सावध राहण्याची. ती ताकीद खोटी नाही, पण ज्या दिशेने संकट क्वचितच येते त्या दिशेला पहारा बसवून बाकीची दारे सताड उघडी ठेवण्यासारखी आहे.

मी हे लिहीत आहे ते दिल्लीच्या उत्तरेस, रिजच्या टेकडीवर, हिंदूराव या ठिकाणी. मराठी वाचकाला या नावाचा उगम सांगितला पाहिजे. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील हिंदूराव हे सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हातून गेल्यावर ते दिल्लीस येऊन राहिले आणि १८३५ साली खून झालेल्या विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याची टेकडीवरील कोठी त्यांनी विकत घेतली. १८५७ च्या वेढ्यात त्या कोठीवर तोफांचा मारा झाला. पुढे तेथे रुग्णालय उभे राहिले, आणि आज मलकागंजपासून तिमारपूरपर्यंतच्या वस्त्यांतील लोक ज्या दारात आजारी माणूस घेऊन येतात त्या दारावर एका मराठी सरदाराचे नाव आहे. येथून पायी जाण्याच्या अंतरावर दिल्ली विद्यापीठाची महाविद्यालये आणि विधी विद्याशाखा आहे. त्या विद्याशाखेचा आणि आपल्या विदर्भातील एका लहान गावाचा जो संबंध १९७९ साली जुळला, त्याचा उल्लेख केल्यावाचून या विषयाची पूर्वपीठिका सांगताच येणार नाही.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या, म्हणजे वडसाच्या, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. मुलीचे वय वैद्यकीय अंदाजाप्रमाणे चौदा ते सोळा वर्षांचे होते. सत्र न्यायालयाने आरोपींस सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही, यावरून तिची संमती असावी असे अनुमान काढले गेले. त्या निकालावर एक वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र धाडले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे तिघे दिल्ली विद्यापीठातले. वसुधा धगमवार पुण्याच्या. सहन करणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे साधे आणि एवढे मूलभूत त्या पत्रात सांगितले होते. १९८० च्या आरंभी मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभारला, त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांतून मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. देसाईगंजच्या त्या मुलीला दाद मिळाली नाही; तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यामुळे इतरांना मात्र मिळू लागली.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत जे घडले त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली, तिने महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदा पुन्हा बदलला. त्या आधीच, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा अमलात आला होता. चाळीस वर्षांत आपण कायद्याच्या मार्गाने बराच पल्ला गाठला, आणि तो गाठून देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही. परंतु कायदा हा कृत्य घडून गेल्यावर येतो. तो गुन्हेगारास शासन करतो, पीडितेस संरक्षण देतो, क्वचित धाकही घालतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात दुसऱ्याच्या देहाविषयी आदर उत्पन्न करण्याचे सामर्थ्य कोणत्याही कलमात नसते. ते काम कोणी करायचे याची तजवीज आपण केलीच नाही.

केली नाही असे म्हणताना महाराष्ट्रातील जुने वाद आठवतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा केवढे रण माजले! आगरकर, भांडारकर एका बाजूस, टिळक दुसऱ्या बाजूस. शास्त्रार्थ झाले, सभा उधळल्या गेल्या, अग्रलेखांचे ढीग पडले. ज्या मुलींच्या देहाविषयी हे सारे चालले होते, त्यांना काय वाटते हे विचारण्याची आवश्यकता फारच थोड्यांना भासली; आणि रखमाबाईंसारखी एखादी स्वतः नकार देऊन उभी राहिली, तेव्हा तिला न्यायालयात खेचले गेले. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकाकी चालवले, लैंगिक अज्ञान हे नीतीचे लक्षण नसून दुःखाचे मूळ आहे असे ते सांगत राहिले, आणि त्यासाठी अश्लीलतेच्या खटल्यांना सामोरे गेले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. इतकी परंपरा ज्या प्रांतात, त्याच महाराष्ट्राने २००७ साली, इतर काही राज्यांसमवेत, शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास मनाई केली. ज्या वर्षी केंद्राची ती पाहणी निम्म्याहून अधिक बालकांच्या व्यथेचा दाखला देत होती, त्याच वर्षी आपली विधिमंडळे मुलांना काय कळू नये याची चर्चा करीत होती. हा विरोधाभास मला अत्यंत वेदनादायक वाटतो.

मोठ्यांनी सोडून दिलेली ही जागा लहानांनी आपल्या परीने भरून काढली. २००२ मध्ये दिल्लीत एका सतरा वर्षांच्या मुलीने सुरू केलेल्या वायपी फाउंडेशनने पुढे ‘नो युअर बॉडी, नो युअर राइट्स’ या नावाने जे काम उभारले, त्यात देह, संमती आणि हिंसा यांविषयी बोलणारे शिक्षक हे शिकणाऱ्यांपेक्षा थोडक्याच वर्षांनी मोठे असत, आणि हेच त्यांचे बळ होते. आपल्याकडे ‘मावा’, म्हणजे ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, ही पुरुषांची संस्था १९९३ पासून मुंबईत काम करते. स्त्रियांवरील अत्याचार हा पुरुषांचाही प्रश्न आहे असे मानणारे लोक पुढे यावेत म्हणून एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, तिला मिळालेल्या प्रतिसादातून ती जन्मास आली. तिचा ‘पुरुष स्पंदन’ हा दिवाळी अंक अनेकांनी पाहिला असेल. ‘मावा’चे हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून पुणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुणांना हाती धरून ‘युवा मैत्री’ हा उपक्रम चालवला. निवडक मुलांना निवासी शिबिरांत तयार करायचे, मग त्यांनी पथनाट्ये, भित्तिपत्रके, गटचर्चा यांतून आपल्याच महाविद्यालयातील इतर मुलांशी बोलायचे, अशी त्याची रीत. खेड्यातून शहरात शिकायला आलेला, मुलीशी कधी मोकळेपणाने दोन वाक्येही न बोललेला मुलगा आपल्या प्राध्यापकाला जे विचारू शकत नाही, ते एक वर्ष पुढच्या विद्यार्थ्याला विचारतो. हे इतके स्वाभाविक आहे की त्याचा उपयोग करून घेण्यास आपल्याला एवढा काळ का लागला, याचेच नवल वाटते.

मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळांत २००८ पासून ‘कोरो’, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रीविषयक संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू ही संस्था यांनी मिळून ‘जेम्स’ हा प्रयोग केला. पंचेचाळीस शाळा, सहावी-सातवीची मुले, म्हणजे बारा-चौदा वर्षांची. खेळ, नाट्यप्रवेश, प्रत्येकाच्या हाती एक रोजनिशीवजा वही. त्याच सुमारास मुंबईतच ‘परिवर्तन’ या उपक्रमाने शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना साद घातली. सरावानंतर, घामेजलेली मुले पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात बसली असताना, प्रशिक्षकाने पंधरा मिनिटे स्त्रियांविषयीच्या आदराबद्दल बोलायचे. मूळ कल्पना अमेरिकेतली, परंतु मुंबईच्या मैदानात ती परकी वाटली नाही, कारण वडिलांचे न ऐकणारा मुलगाही आपल्या क्रिकेटच्या सरांचे ऐकतो हे मुंबईत कोणालाही सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे दुरून कळत नाही. म्हणून एक बैठक तपशिलाने सांगतो. रिजच्या उतारावरील एका वस्तीतील अभ्यासिकेत वीस-बावीस मुलेमुली जमिनीवर बसली होती. मध्ये पांढऱ्या कागदाचे मोठे तक्ते चिकटवून पसरलेले. बैठक चालवणारी मुलगी बारावीत शिकणारी, तिचा मदतनीस अकरावीतला. तिने मुलांना आपल्या शाळेचा नकाशा काढायला सांगितला: फाटक, नळाची जागा, दुसऱ्या मजल्याचा जिना, स्वच्छतागृहाकडे जाणारी बोळवजा वाट, मोडक्या बाकांची खोली. मग एकेकाने लाल खडूने भीतीच्या जागा आणि हिरव्याने निर्धास्तपणाच्या जागा रंगवायच्या, कोणी काही बोलायचे नाही. दिल्लीच्या पुष्कळ सरकारी शाळांत एकाच इमारतीत सकाळच्या पाळीत मुली आणि दुपारच्या पाळीत मुलगे शिकतात. मुलींनी एकजात फाटक लाल केले. मुलग्यांच्या नकाशात तेच फाटक कोरे राहिले होते. त्यांच्यापैकी दोघांनी मात्र, एकमेकांकडे न पाहता, मोडक्या बाकांची खोली लाल केली होती, आणि त्याविषयी त्या दिवशी कोणी त्यांना काही विचारले नाही.

फाटकाची गोष्ट निघाली. पाळी बदलताना आत येऊ पाहणाऱ्या मुलग्यांच्या रांगेतून बाहेर पडावे लागते, शेरे ऐकावे लागतात, धक्के बसतात, असे मुलींनी सांगितले. एक मुलगा म्हणाला, ‘मज़ाक ही तो करते हैं, दीदी.’ बैठक चालवणाऱ्या मुलीने त्याला दटावले नाही. तिने इतर मुलग्यांना समोरासमोर दोन रांगांत उभे केले आणि त्याला सांगितले, यांच्यामधून चालत जा. बाकीच्यांनी बोलायचे नाही, हात लावायचा नाही, फक्त त्याच्याकडे टक लावून पाहायचे. आठ-दहा पावलांचे अंतर होते. तो हसत निघाला, अर्ध्यावर त्याचे हसणे थांबले, आणि शेवटची पावले त्याने मान खाली घालून भरभर टाकली. त्यानंतर चर्चेला उपदेशाची गरज उरली नाही. मुलींना पाऊण वाजता, म्हणजे पंधरा मिनिटे आधी, सोडावे, मागचे बंद फाटक उघडावे आणि तेथे एक शिक्षिका उभी राहावी, अशा तीन मागण्या त्याच मुलाने आपल्या अक्षरात लिहून काढल्या.

या नकाशाच्या खेळाला शास्त्रीय आधार आहे हे येथे नमूद करणे अवश्य वाटते. न्यूयॉर्क शहरातील तीस माध्यमिक शाळांत ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ हा प्रयोग झाला, त्यात काही शाळांत केवळ वर्गात पाठ दिले गेले, काहींत केवळ इमारतीतील उपाय योजले, म्हणजे मुलांकडून असुरक्षित जागांचे नकाशे काढून घेऊन तेथे शिक्षकांची नेमणूक करणे, फलक लावणे, त्रास देणाऱ्या विद्यार्थ्यास लेखी बंधने घालणे, आणि काहींत दोन्ही. नुसत्या वर्गपाठांनी विशेष फरक पडला नाही; जेथे इमारतीतील उपाय झाले तेथे लैंगिक त्रासाचे प्रमाण घटले. व्याख्यानावर आपली जी अपार श्रद्धा आहे तिला हा निष्कर्ष धक्का देणारा आहे. मुलांना नीती शिकवण्याआधी जिन्यावरचा दिवा लावावा, आणि कोणता दिवा बंद आहे हे मुलांनाच विचारावे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

तथापि या कार्यक्रमांविषयी अवाजवी अपेक्षा बाळगणेही इष्ट नाही. दिल्लीला लागून असलेल्या सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या हरियाणाच्या चार जिल्ह्यांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सातवीपासूनच्या मुलामुलींसाठी अडीच वर्षे चर्चावर्ग घेतले. ३१४ सरकारी शाळा आणि सुमारे चौदा हजार विद्यार्थी यांवर आधारलेला त्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोरपणे केला. मुलामुलींची मते बदलली, आणि दोन वर्षांनी पाहिले तेव्हाही तो बदल टिकून होता. मुलगे घरकामात थोडे अधिक हात लावू लागले. परंतु मुलींच्या वर्तनात मतांच्या मानाने बदल कमी दिसला, कारण मुलीचे मत बदलले तरी घराबाहेर पडण्याचा निर्णय तिच्या हाती नव्हता. जेथे सत्ता मोठ्यांकडे आहे तेथे लहानांचे विचार बदलून काम अर्धेच होते. तरुणांच्या नेतृत्वाचा गौरव करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कारण ‘मुलेच करतील’ असे म्हणून अंग काढून घेण्याची सोय त्या गौरवातच दडलेली असते.

तयारीवाचून आणि आधारावाचून हे काम मुलांवर सोपवले तर काय होते, हे मे २०२० मध्ये याच शहराने पाहिले. टाळेबंदीच्या दिवसांत दक्षिण दिल्लीतील शाळकरी मुलांचा ‘बॉइज लॉकर रूम’ नावाचा इन्स्टाग्रामवरील गट उघडकीस आला. त्यात वर्गातील मुलींची छायाचित्रे फिरवली जात आणि त्यांच्याविषयी अत्यंत गलिच्छ भाषेत बोलले जाई. तो उघडकीस आणला मुलींनीच, आणि त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्यांच्यापुढे समाजमाध्यमाखेरीज दुसरी कचेरी नव्हती. शाळा बंद, घरी सांगावे तर फोनच काढून घेतला जाईल ही भीती, पोलिसांपर्यंत जाण्याचा मार्ग अज्ञात. त्याच दिवसांत गुरुग्रामच्या एका किशोराने, समाजमाध्यमावर त्याच्यावर आरोप झाल्यानंतर, आपले जीवन संपवले. आरोप करणारी मुलगी आणि तो मुलगा, दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे एकही ठिकाण त्या वयाच्या मुलांना उपलब्ध नव्हते. ते ठिकाण निर्माण करणे हे मोठ्यांचे कर्तव्य होते आणि आजही आहे.

कायद्याची एक बाजू या कामात उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाने नीट समजून घेतली पाहिजे, आणि ती मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास एकविसाव्या कलमाखाली शिक्षा आहे. पण त्याच एकविसाव्या कलमात स्वतः बालक असलेल्या व्यक्तीस त्या शिक्षेतून वगळले आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मैत्रिणीने ऐकून घेतले म्हणून ती गुन्हेगार ठरत नाही. मात्र गटाची एकोणीस वर्षांची मार्गदर्शिका ठरू शकते. यावरून कामाची एक शिस्त आपोआप निघते: ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कोणीही द्यायचे नाही. त्याऐवजी ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, आणि आता हे कोणाला सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू’ असे म्हणायचे. प्रश्न विचारून तपशील काढायचे नाहीत, कारण तपास करणे हे सोबत्याचे काम नव्हे. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक, जो १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने सुरू झालेल्या उपक्रमातून देशभर पसरला, तो तोंडपाठ असायला हवा.

याहून बिकट मामला आहे तो परस्परांच्या इच्छेने जवळ आलेल्या किशोरांचा. आजच्या कायद्याने अठराच्या आतील संमती ही संमतीच नव्हे, त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा यांच्या प्रेमप्रकरणात मुलीच्या घरच्यांनी फिर्याद केली की मुलगा थेट तुरुंगाची पायरी चढतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये असे सांगितले, परंतु सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत न्यायाधीशास शिक्षेविषयी काही तारतम्य वापरता यावे असेही सुचवले. माझे मत विचाराल तर, वय खाली आणण्यातील धोका मला दिसतो. पण ज्या कायद्याने अत्याचार आणि अनुराग एकाच दप्तरात बांधले जातात त्याच्या भयाने मुले अत्याचाराविषयीही बोलेनाशी होतात, हा धोका त्याहून लहान नाही. तरुणांच्या बैठकीत हा प्रश्न दर वेळी निघतो. त्याला टाळाटाळीचे उत्तर दिले तर पुढच्या बैठकीला अर्धी मुले येत नाहीत.

शासनाच्या दप्तरी या कामाला जागा नाही असे नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगाव समवयस्क शिक्षक नेमण्याची योजना आहे. त्यांना ‘साथिया’ म्हणतात, आणि त्यांच्यासाठी २०१७ मध्ये काढलेल्या साहित्यात मुलाने रडण्यात काही वावगे नाही आणि मुलीने नकार दिला तर तो नकारच समजावा, हे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. महाराष्ट्रात किशोरांसाठी ‘मैत्री’ या नावाने दवाखाने आहेत, आणि शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा शासननिर्णय २०२२ मध्ये निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या बालिकांवरील अत्याचार उघडकीस आल्यावर त्या समित्या किती ठिकाणी केवळ कागदावर होत्या हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुलांना लैंगिकतेचे यथोचित शिक्षण देण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. हुकूम आहेत, निर्णय आहेत; समवयस्क शिक्षकाला महिन्यातून एकदा ज्याच्याजवळ बसून स्वतःच्या मनावरचा ताण उतरवता येईल असा समुपदेशक मात्र बहुतेक ठिकाणी नाही. दुसऱ्याचे दुःख ऐकून रात्री झोप न येणारी सोळा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. तिला काम थांबवण्याची मुभा आहे, थांबली तर तो पळपुटेपणा नव्हे, हे तिला कोणी तरी मोठ्याने सांगायला हवे होते. प्रस्तावनेच्या आरंभी ज्या पालकांच्या हरकतीचा उल्लेख केला तिच्यातील तथ्य म्हणतो ते हेच.

मुलग्यांविषयी एक वेगळा शब्द लिहिणे भाग आहे. अत्याचार करणारे बहुतांशी पुरुष असतात, हे खरे. परंतु प्रत्येक मुलाकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहणारा कार्यक्रम पहिल्याच दिवशी त्यांना गमावून बसतो. त्या बैठकीत मोडक्या बाकांची खोली लाल करणारे दोघे मुलगेच होते. मित्रांच्या टोळक्यात एखादा विनोद अंगावर येतो, चार जण हसतात, आणि पाचव्याला हसू येत नसताना तोही हसतो. त्या पाचव्याला त्या क्षणी काय करता येईल हे शिकवणे हा या कामाचा गाभा आहे. विषय बदलावा, मित्राला हाक मारून बाजूला न्यावे, मुलीजवळ जाऊन ‘घरी चलतेस का’ एवढेच विचारावे. मोठ्या शौर्याची मागणी कोणी करीत नाही. केंटकी राज्यातील सव्वीस शाळांत ‘ग्रीन डॉट’ या नावाने हेच शिक्षण काही वर्षे दिले गेले, तेव्हा लैंगिक हिंसेचे प्रमाण तेथे घटल्याचे आढळून आले. आपल्या मुलांत ते धैर्य कमी आहे असे मानण्यास मला काही कारण दिसत नाही.

आता पुस्तिकेच्या वापराविषयी. ती तरुणांनी तरुणांसाठी सिद्ध केली असल्याने तिची भाषा बोलण्यातली आहे आणि तशीच राहू द्यावी. शिक्षकांनी ती शुद्ध करण्याच्या खटाटोपात पडू नये. अवयवांची नावे जशीच्या तशी छापली आहेत, कारण ज्या अवयवाचे नाव मुलाला उच्चारता येत नाही त्याला झालेल्या इजेची तक्रार त्याला करता येत नाही. शाळांनी आठवड्यातून एक तास, दार बंद करता येईल अशी एक खोली, आणि बोलावल्यास त्याच दिवशी येऊ शकेल अशी एक प्रशिक्षित व्यक्ती एवढे द्यावे. मुलांनी काढलेले नकाशे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपुढे ठेवावेत, कोणी कोणती जागा लाल केली हे न विचारता; त्यावर झालेल्या निर्णयाची इतिवृत्तात तारखेसह नोंद व्हावी; आणि पुढच्या सभेस त्याच मुलांना बोलावून कोणते फाटक उघडले, कोणता दिवा लागला आणि काय अद्याप राहिले आहे, ते त्यांना वाचून दाखवावे.